टाकण्यात आले

‘थांब’ हा शब्द छापखान्याच्या माडीवर फार जपून वापरायचा असे. खाली रस्त्यावर तो कोणीही कोणालाही ओरडून सांगे, हातगाडीवाला मोटारीला आणि मोटारवाला हातगाडीला. पण माडीवरच्या लांब टेबलाभोवती वाचन चालू असताना ज्याच्या तोंडून तो निघाला, त्याच्या गळ्यात घोंगडे पडलेच म्हणून समजावे.

नियम मास्तरांचा होता. पान यंत्रावर चढण्याआधी घरातल्या एकाने ते मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. बाकीच्यांनी आपापल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचे. कोणालाही काही खटकले तर ‘थांब’ म्हणण्याचा हक्क होता, पण तो फुकटचा नव्हता. थांबवणाऱ्याने त्या जागी दुसरे वाक्य द्यायचे. ते जुन्या वाक्याच्याच जागेत बसले पाहिजे आणि टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने त्याला मान डोलावली पाहिजे. एकानेही नकार दिला, तर जुने वाक्य कायम, आणि थांबवणारा त्या पुस्तकापुरता मुका. त्यामुळे शुद्धलेखन सोडून कशावरही थांब म्हणायची हिंमत सहसा कोणी करत नसे.

आज सकाळी थांब म्हणाली ती गिरमिट.

हे नाव तिला काकांनी दिलेले. गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचे हत्यार. चार वर्षांची असताना तिने काकांना ‘शाई काळी का?’ इथून धरले ते ‘मग काळोख कुठून येतो?’ इथपर्यंत नेऊन सोडले होते, आणि काकांनी हात जोडले होते. आता ती पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आली होती, पण नाव काही सुटले नव्हते.

“काय थांब?” काका खेकसले. “मात्रा चुकली? अनुस्वार राहिला?”

“वाक्य चुकलंय.”

खालून यंत्र तापवल्याची घरघर येत होती. वाचन करणाऱ्या आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि लेकीकडे अशा नजरेने पाहिले, की जिचा अर्थ ‘बस खाली’ असाही होत होता आणि ‘आता उठलीच आहेस तर पडू नकोस’ असाही.

कारण आजचे वाचन साधे नव्हते. मास्तर म्हणजे गिरमिटचे आजोबा. सख्खी मुलेही त्यांना मास्तरच म्हणत, कारण लहानपणी शाळेत आणि घरात त्यांचा आवाज एकच होता. जगाच्या इतिहासाचे हे शाळकरी पुस्तक त्यांनी तरुणपणी लिहिले. घरच्या छापखान्यात ते छापले गेले, शाळांनी उचलून धरले, आणि त्यावर या कुटुंबाच्या तीन पिढ्या जेवल्या. आता मास्तरांना अक्षर दिसत नव्हते. ते डोळे मिटून ऐकत. गेल्या आठवड्यात जेवताना त्यांनी सांगून टाकले होते, “पुढच्या आवृत्तीपासून मी नाही. पुस्तक कोणी सांभाळायचं ते या वाचनात ठरवीन.” आणि हात धुवायला निघून गेले होते.

दावेदार दोन. एक, काकांचा जावई, इतिहासाचा प्राध्यापक. दुसरी, गिरमिट. वडील गेल्यावर ती याच माडीवर, कागदाच्या रिमांवर झोपून, हे पुस्तक वाचत वाढली होती. लहानपणी तिला ती गोष्ट वाटायची, मोठेपणी तिच्यातल्या फटी दिसू लागल्या, आणि फटी दिसू लागल्यापासून ते तिला जास्तच आवडू लागले होते. तिला ते पुस्तक हवे होते. आता थांब म्हणून ती पडली, तर मुकी होणार होती, आणि मुक्या माणसाच्या हाती पुस्तक कोण देतो?

“पुन्हा वाच,” मास्तर आईला म्हणाले. डोळे मिटलेलेच.

आईने वाचले, “महायुद्ध लवकर संपावे म्हणून जपानच्या हिरोशिमा व नागासाकी या दोन शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यात आले, पूर्णविराम.”

“यात चूक काय आहे?” मास्तरांनी विचारले. आवाज शांत होता. त्यांच्या शांत आवाजाला घरात सगळेच भीत.

“यातलं ‘म्हणून’. कशासाठी टाकले, ते आपण छातीठोक सांगतोय. आपल्याला कोणी सांगितलं?”

“पन्नास वर्षं पोरं हेच वाक्य पाठ करताहेत,” काका म्हणाले, “आणि आज यांना साक्षात्कार झाला. अगं, पानाच्या तळाची ओळ आहे ती. समोर नकाशा आहे. एक शब्द वाढला तर ओळ खाली जाते, ओळ खाली गेली तर नकाशा सरकतो, नकाशा सरकला की पुढची सोळा पानं सरकतात. शाळा काय तुझ्यासाठी थांबणार आहेत?”

“दादा, तिने थांब म्हटलंय,” आत्या म्हणाली. “आता तू थांब.”

आत्या भूलतज्ज्ञ होती. इस्पितळात माणसांना झोपवायची आणि घरी आल्यावर सगळ्यांची झोप उडवायची, असे काका तिच्याबद्दल म्हणत. वाचनाच्या दिवशी ती हटकून सुटी घेई.

प्राध्यापकाने घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता, ही गिरमिटची खरी अडचण होती. वाईट असता तर सोपे गेले असते.

“मी सांगतो आपल्याला कोणी सांगितलं ते,” तो म्हणाला. “ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी सांगितलं. आणि परिस्थिती बघ ना. जपानच्या भूमीवर सैन्य उतरवायचा बेत ठरलेला होता. त्याआधी एका बेटासाठी लढाई झाली, तेवढ्या एका बेटावर दोन्हीकडची मिळून लाखाहून जास्त माणसं मेली. पुढे काय होणार याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ज्या सैनिकाला त्या किनाऱ्यावर उतरायचं होतं, त्याच्या आईला जाऊन विचार, बॉम्ब कशासाठी टाकला.”

“आणि हिरोशिमातल्या आईला?” आत्याने विचारले.

“तिला विचारलं तर ती परिणाम सांगेल, आत्या. हेतू नाही. आपण हेतूबद्दल बोलतोय.”

हे बिनतोड होते. गिरमिटने मनातल्या मनात त्याला एक गुण दिला.

“मग हेतूबद्दलच बोलू,” आत्या पुढे सरसावली. “रशिया ऑगस्टमध्ये जपानवर चालून येणार, हे आधी ठरलेलं होतं. पहिला बॉम्ब सहा तारखेला. रशियाने युद्ध पुकारलं आठला. दुसरा बॉम्ब नऊला. ही घाई कोणाला दाखवायला होती? जपान तर मोडलेलाच होता. हा धाक होता, शेजारच्या पैलवानाला दाखवलेला. लेकी बोले सुने लागे!”

“तुला बरं कळतं धाकातलं,” काका पुटपुटले.

“कळतं ना. मास्तरांनी मला डॉक्टर होऊ दिलं ते मला आवडतं म्हणून की गल्लीला दाखवायला, याचा मी अजून शोध घेतेय.”

मास्तरांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. डोळे मिटलेलेच.

“मला विचाराल तर दोघंही चुकताय,” काका म्हणाले. थोड्या वेळापूर्वी वाद नको म्हणणारा हा माणूस आता खुर्ची पुढे ओढून बसला होता. या घराचे हेच होते; नको नको म्हणत सगळे पाण्यात उतरत. “एवढा अफाट पैसा ओतला, एवढी माणसं वर्षानुवर्षं राबवली. वस्तू तयार झाल्यावर कोण ती कपाटात ठेवतो? मी ते चाररंगी यंत्र घेतलं ना, तेव्हा पहिल्या महिन्यात लग्नपत्रिकासुद्धा त्याच्यावर छापल्या. गरज होती? नव्हती. पण घेतलंय ना!”

“म्हणजे दादा, तुमच्या मते लग्नपत्रिका आणि अणुबॉम्ब...” आईला पुढे बोलवेना. ती पदराआड हसत होती.

“हसू नकोस. माणसाचा स्वभाव सांगतोय. तुझं काय मत आहे?”

आईचे हसू ओसरले. ती म्हणाली, “मला वाटतं, राग. जपानने केलेल्या पहिल्या हल्ल्यापासून चार वर्षं साठलेला. रागात माणूस जे करतो, त्याला नंतर चांगलं कारण शोधतो. आणि ते कारण शोधताना तो खोटं बोलत नसतो, हेच वाईट.”

गिरमिट टेबलाभोवतीचे चेहरे पाहत होती. प्राध्यापकाला दोन लहान मुले होती. त्याला किनाऱ्यावर उतरणारे सैनिक दिसत होते. आत्याला धाक दिसत होता, काकांना यंत्र, आईला राग. चौघांनी चार दिवे लावले होते, आणि प्रत्येकाला आपल्या दिव्याखालचेच नीट दिसत होते. गंमत म्हणजे, ती स्वतः आतापर्यंत वाचत आली होती त्यात या चौघांनाही थोडाथोडा आधार होता.

“वाक्य,” मास्तर म्हणाले. “गप्पा झाल्या. वाक्य दे.”

तिने घाईने बनवलेले वाक्य सांगितले, “हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यात आले, त्यामागच्या हेतूंबद्दल वाद आहे.”

मास्तरांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. “वाद आहे! वाद कशाबद्दल नाही? उद्या लिहिशील, पृथ्वीच्या आकाराबद्दल वाद आहे. ही तर पळवाट आहे. ज्याने वाचलेलं नसतं तो वाद आहे म्हणतो. माझ्या वर्गात कोणी असं लिहिलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, कोणाकोणाचा वाद, आणि तुझं काय म्हणणं? नामंजूर.”

काकांनी जावयाकडे पाहिले. त्या पाहण्यात ‘झालं!’ होते.

“अजून एकदा,” आत्या म्हणाली. “नियमात एकदाच असं कुठे आहे?” मास्तरांनी एक बोट वर केले, म्हणजे आणखी एकदाच. “तू घाल गं. युद्ध संपावे आणि रशियाला धाक बसावा म्हणून. घाल.”

“तसं लिहिलं तर आपण पुन्हा छातीठोकच झालो,” गिरमिट म्हणाली. “फक्त दुसऱ्या बाजूने.”

“अगं, मी तुझ्या बाजूने बोलतेय!”

“म्हणूनच सांगतेय, आत्या. धाकाचा विचार काहींच्या बोलण्यात होता, हे दिसतं. पण तोच खरा हेतू आणि बाकी सगळा देखावा, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. आणि दुसऱ्या बॉम्बचं तर आणखी वेगळंच आहे. त्यासाठी वेगळा हुकूम निघालाच नाही. आधीच्या एकाच हुकुमात होतं, की पहिला टाका आणि पुढचे तयार होतील तसे टाका. म्हणजे नागासाकीवर का, याचं अगदी जवळचं उत्तर काय? तयार झाला म्हणून.”

“बघा!” काकांनी टेबलावर थाप मारली. “कपाटात ठेवत नाहीत!”

आत्या रुसून खुर्चीला टेकली. क्षणात पारडे फिरले होते. आपल्या बाजूची एकुलती एक फौज गिरमिटने स्वतःच्या हाताने माघारी धाडली होती, आणि विरोधी गोटातले काका विनाकारण खूश झाले होते.

प्राध्यापकाने तेवढ्यात नेम धरला. “एक विचारू? रागावू नकोस. तू आज थांब का म्हणालीस?”

“वाक्य चुकीचं होतं म्हणून.”

“तेवढ्यासाठीच? हे वाक्य गेल्या खेपेलाही होतं. तू गेल्या खेपेलाही या टेबलावर होतीस. तेव्हा पुस्तक कोणाकडे जाणार हा प्रश्न नव्हता, तेव्हा तू थांब म्हणाली नाहीस. मग आजचा खरा हेतू कोणता, बाईसाहेब? प्रयोगशाळेत हेतू कुठल्या काट्यावर मोजतात?”

गिरमिटच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आईने प्रतीवरचे बोट उचलले. या एका प्रश्नाने सगळा डाव उधळला जाऊ शकत होता, कारण ‘छे, तेवढ्यासाठीच!’ हे उत्तर जिभेवर तयार होते, आणि ते अर्धेच खरे होते.

“दोन्ही,” ती म्हणाली. “वाक्य चुकीचं आहे म्हणून, आणि मला पुस्तक हवंय म्हणून. किती टक्के कोणतं ते मला सांगता येणार नाही, भाऊजी. माझंच मन आहे आणि मलाच काटा सापडत नाही. मग इतक्या दूरच्या, इतक्या माणसांच्या मनातलं आपण एका ‘म्हणून’मध्ये कसं कोंबतो?”

हल्ला करायला उचललेली काठी प्राध्यापकाच्याच हातातून तिने टेकायला घेतली होती. आत्याचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. “घ्या!” ती म्हणाली.

“ते ठीक आहे,” मास्तर म्हणाले, “पण वाक्य कुठाय?”

वाक्य नव्हते. गिरमिटने प्रत जवळ ओढली. महायुद्ध लवकर संपावे म्हणून जपानच्या हिरोशिमा व नागासाकी या दोन शहरांवर अणुबॉम्ब टाकण्यात आले. तिने ते शब्द एकेक करून बोटाखाली घेतले. काय काढता येईल? जपान आधीच्या ओळीत होतेच. ‘दोन’ मोजून दाखवायची गरज नव्हती. ‘शहर’ मात्र राहायलाच हवे होते. पोरांना कळले पाहिजे, की बॉम्ब माणसांच्या वस्तीवर पडला. बोट शेवटच्या शब्दांवर आले आणि अडकले.

टाकण्यात आले.

हे शब्द तिच्या फार ओळखीचे होते. कुठून, ते आठवेना. मग आठवले, आणि तिला हसूच आले. पाच वर्षे तिने हेच लिहिले होते. नळीत द्रव घेण्यात आला. तो तापवण्यात आला. नोंद करण्यात आली. प्रयोगाच्या प्रत्येक अहवालात. एकदा तिने ‘मी द्रव तापवला’ असे लिहिले, तर सरांनी ‘मी’ला लाल गोल केला होता.

“काय झालं हसायला?” काकांनी विचारले.

“मास्तर,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, “हेतू असायला माणूस लागतो ना?”

“अर्थात.”

“या वाक्यात माणूसच नाही! तासभर आपण भांडतोय, कशासाठी टाकले, कशासाठी टाकले. अहो, पण कोणी टाकले? वाक्य वाचा. टाकण्यात आले. जसा पाऊस आला तसे बॉम्ब आले. कर्ताच नाही, तर हेतू कोणाचा शोधायचा?”

आईने प्रत डोळ्यांजवळ नेली. प्राध्यापकानेही.

“आम्ही प्रयोग लिहिताना असंच लिहितो,” गिरमिट थांबायलाच तयार नव्हती. “करण्यात आले, घेण्यात आले. तिथे ते बरोबर आहे. कारण प्रयोग कोणीही केला तरी उत्तर तेच यायला हवं, म्हणून करणाऱ्याला पुसून टाकायचं. पण हा काही तसला प्रयोग नव्हता. इथे करणारा पुसला की सगळंच पुसलं जातं. त्याचा राग, त्याची भीती, त्याचा धाक, त्याचा खर्च. भाऊजींचा सैनिकसुद्धा! मग उरतं नुसतं एक ‘म्हणून’, आणि पोरांना वाटतं, हे असं होणारच होतं.”

मास्तरांचा हात मांडीवर होता, तो हळूहळू टेबलावर आला.

“सांग वाक्य,” ते म्हणाले. या वेळी शांत आवाजात दुसरेच काहीतरी होते.

तिने सांगितले, सावकाश, आई लिहून घेईल अशा बेताने, “अमेरिकेने हिरोशिमा व नागासाकी शहरांवर अणुबॉम्ब टाकले. युद्ध लवकर संपावे, एवढेच कारण तिने सांगितले.”

“एवढेच,” प्राध्यापक लगेच म्हणाला. “या ‘एवढेच’ने तू चिमटा काढतेस. म्हणजे कारण खोटं होतं, असं सुचवून मोकळी होतेस. मघाशी आत्यांना अडवलंस, तेच स्वतः करतेस.”

ती म्हणाली, “खरंय. ‘एवढेच’ काढा. ‘हे’ घाला. युद्ध लवकर संपावे, हे कारण तिने सांगितले. आता?”

प्राध्यापकाने वाक्य ओठांत घोळवले. एकदा. पुन्हा एकदा. “यात खोटं काहीच नाही,” तो नाइलाजाने म्हणाला, “आणि मला जे शिकवायचं आहे तेही यातून शिकवता येईल. आत्यांनाही त्यांचं शिकवता येईल.” आणि मग, एखाद्या चांगल्या खेळाडूने त्रिफळा उडाल्यावर पंचाकडे न बघता चालू लागावे तशी, त्याने मान डोलावली.

आत्याने डोलावली. आईने तर कधीच डोलावली होती.

उरले काका. टेबलाच्या टोकाला संगणकावर ते पान उघडे होते. काकांनी जुने वाक्य पुसले आणि दोन बोटांनी नवे घालायला सुरुवात केली. काकांना फार काही करायचे नव्हते. नुसते ‘बसत नाही’ म्हटले असते तरी पोरगी मुकी झाली असती आणि पुस्तक जावयाच्या ओटीत पडले असते. लेकीचा संसार, नातवंडांची शिक्षणे, सगळे त्या दोन शब्दांवर मार्गी लागत होते. त्यांनी शेवटचा पूर्णविराम दिला आणि पडद्याकडे बघत राहिले. ओळ जिथे संपायला हवी तिथेच संपली होती. समोरचा नकाशा केसभरही हलला नव्हता. इतकी वर्षे छापखान्यात काढलेल्या माणसाच्या छातीत, अशी ओळ बसली की जे होते, ते झालेच.

“बसली,” काकांच्या तोंडून निघून गेले. “च्यायला, काय बसली! जणू मोजून कापून आणलीय. अहो, त्या ‘टाकण्यात आले’नेच जागा खाल्ली होती सगळी!” मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आले. त्यांनी जावयाकडे पाहिले. जावई हसत होता. काकांनी कपाळावर हात मारला आणि त्याच झटक्यात मानही डोलावली.

आता फक्त मास्तर. वाक्य त्यांचे होते. नियमही त्यांचा होता.

“मी ते वाक्य लिहिलं तेव्हा,” ते म्हणाले, “इतकी व्यवस्थित मराठी लिहिली म्हणून मला कोण अभिमान वाटला होता!” त्यांनी मान डोलावली, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही म्हणून पुन्हा डोलावली. “पुढचं पान वाच.”

आईने चष्मा खाली ओढला. आवाजात आनंद मावत नव्हता, तरी तिने वाचन वाचनासारखेच केले. “युद्धानंतर अनेक वसाहतींत उठाव झाले, स्वल्पविराम, परंतु ते निर्दयपणे चिरडण्यात आले, पूर्णविराम.”

सगळे टेबल एका आवाजात गरजले, “कोणी?”

आत्या, प्राध्यापक, स्वतः आई, काकासुद्धा. काकांचा आवाज तर सर्वांत मोठा होता, आणि त्याची भीती सर्वांत आधी त्यांनाच वाटली. “अरे देवा! पुढे बघा. जमिनी काढून घेण्यात आल्या. कोणी? करार लादण्यात आला. कोणी? अहो, हे सगळं पुस्तकच ‘आले’ आणि ‘गेले’ने भरलंय!”

मास्तर हसू लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. इतके हसताना त्यांना गिरमिटने कधी पाहिले नव्हते. “व्याकरणाच्या तासाला मी पोरांना विचारायचो, कर्ता कोण, कर्ता कोण,” ते धापा टाकत म्हणाले, “आणि घरी येऊन असली वाक्यं लिहायचो. माझ्या वर्गात मी असतो ना, तर मला बाकावर उभं केलं असतं!”

त्यांनी डोळे पुसले, खुर्चीच्या हातांवर भार देऊन उभे राहिले आणि टेबलाला उद्देशून, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले,

“मी हे पुस्तक गिरमिटला देतो. कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. कोणाला थांब म्हणायचंय?”

कोणालाच म्हणायचे नव्हते. प्राध्यापकाने टेबलावरून हात पुढे केला आणि गिरमिटने तो दोन्ही हातांत धरला. “भाऊजी, ‘एवढेच’ तुम्ही काढलंत,” ती म्हणाली. “प्रत्येक पानावर मला असा माणूस लागेल.”

“रविवारी येईन,” तो म्हणाला. “पण माझ्या सैनिकाला हात लावायचा नाही.”

“त्याला तर मी वाक्यात आणणार आहे.”

आईने उठून लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि लगेच पुन्हा जागेवर जाऊन बसली, कारण वाचन अजून संपले नव्हते.

तेवढ्यात जिन्याखालून यंत्रावरच्या कारागिराची हाक आली, “साहेब, यंत्र तापलंय! पानं पाठवताय ना? किती वेळ?”

सवयीने काका जिन्याच्या कठड्यापाशी गेले. ‘आलोच’ म्हणायला त्यांनी तोंडही उघडले. मग मागे वळून टेबलाकडे पाहिले, जिथे तिघे एका प्रतीवर डोकी घालून ‘कोणी? कोणी?’ करत ओळीमागून ओळ धुंडाळत होते, आणि मधोमध गिरमिट बाह्या सरसावून उभी होती.

“मला काय विचारतोस?” काका खाली ओरडले. “पुस्तक आता हिचं आहे. हिला विचार!”